आमच्याकडे उशिराच असतं

“दूध करपतंय गं. आत तो दादा उभाय ना ओट्यापाशी? मग काय नाकाला बूच लावलंय त्याने?” कृतिका शेजारणीच्या कानात पुटपुटली. पुटपुटली ती आपल्या हिशेबाने. भातशेतीच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्या तरी घरातले आवाज शेताच्या मापाचेच राहिलेल्या कुटुंबातली ती मुलगी. तिची कुजबुज दोन सतरंज्या ओलांडून फळ्यापाशी उभ्या असलेल्या उत्तराच्या कानात सरळ येऊन बसली. बाकीच्या मुलांनीही मग नाकं वर केली, एक-दोघं हसली. उत्तराने मार्करला टोपण लावलं आणि “थांबा हं,” म्हणून ती आत वळली, जणू तिला आत्ताच कळलं. खरं म्हणजे तिला मघाशीच कळलं होतं. दूध आधी काठाशी सुकायला लागतं तेव्हाचा गोडसर वास, मग उतू जाऊन बर्नरवर जळतं तो वास, मग तळाचा कडू वास, असे सगळे एकामागून एक तिच्यापर्यंत आले होते आणि ती बाण काढत राहिली होती. पिट्युटरीकडून थायरॉइडकडे एक बाण, ॲड्रिनलकडे एक. ती वाट पाहत होती. आता येईल त्याला. आता वळेल. आता गॅसचं बटण टक्कन वाजेल. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला केव्हाचं पाठ आहे त्याचीच परीक्षा आपण पोटच्या पोराकडून पुन्हा घेतोय, तीही हॉलभर परक्या मुलांच्या देखत, हे तिला आतल्या पॅसेजमधून चालताना कळलं, आणि त्या चार पावलांत तिच्या मानेवरून घामाची एक ओळ खाली उतरली.

स्वयंपाकघरात निळसर धूर होता. साकेत ओट्याला टेकून मोबाइल बघत उभा होता, शेगडीपासून हातभर अंतरावर. कानात काही घातलेलं नव्हतं, कशात फार गुंगलाही नव्हता. धूर त्याच्या डोळ्यांपर्यंत आला तेव्हा तो चमकून वळला, आणि वळताना त्याला पडद्याशी उभी आई दिसली. “आलेला मला वास,” तो घाईघाईने म्हणाला, “बंदच करणार होतो.” उत्तरा म्हणाली, असू दे, गॅस बंद कर आणि पाणी घालून ठेव त्यात. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर तिला त्याच्या तोंडावरची ती तत्परता दिसली असती, जी ती आता ओळखायला लागली होती: पोह्यांवर फोडणी पडली की आधी आजीकडे, मग बाबांकडे बघायचं, कुणाच्या नाकपुड्या हलल्या का ते टिपायचं आणि मग म्हणायचं, “आहाहा, काय वास सुटलाय.” आजी गणपतीत केवड्याचं पान त्याच्या नाकाशी धरायची तर हा डोळे मिटून घ्यायचा. इतका सुंदर मिटायचा की बघणाऱ्यालाच केवड्याचा वास जास्त येईल. लहानपणी त्याला वाटलं असेल की वास हा मोठ्या माणसांचा एक खेळ आहे, सगळे मिळून काहीतरी खोटंखोटं म्हणतात, आपणही म्हणायचं. हे खोटं नाही हे त्याला कधी कळलं असेल, आणि कळलं त्या दिवशी तो कुठे जाऊन बसला असेल, हे उत्तराला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

ती हॉलमध्ये परत आली. तिच्या क्लासची या भागात जी काही ख्याती होती ती या धड्यामुळेच. मुलं त्याला ‘मॅडमची सोसायटी’ म्हणत. हायपोथॅलॅमस म्हणजे चेअरमन. स्वतः काडी उचलत नाही, नुसत्या चिठ्ठ्या पाठवतो. पिट्युटरी म्हणजे सेक्रेटरी. आकाराने वाटाण्याएवढी, पण तोरा असा की बिल्डिंग तीच चालवते. चिठ्ठी वाचायची आणि खाली हुकूम सोडायचे. थायरॉइड म्हणजे पंपवाला. टाकी भरली की गच्चीतून पाणी सांडायला लागतं, त्या आवाजावर चेअरमन चिठ्ठी थांबवतो. हा झाला फीडबॅक, मार्क पक्के. एका थेंबात कितीसा माल असणार, तरी त्या थेंबावर माणसाची उंची ठरते, झोप ठरते, भूक ठरते, राग ठरतो, असं सांगताना उत्तराला स्वतःलाच दर वर्षी नव्याने नवल वाटायचं. इथपर्यंत सगळं छान असायचं. मग सोसायटीचा तळमजला यायचा, जिथे फळ्यावर ओव्हरी आणि टेस्टिस लिहावं लागतं. पूर्वी ती हेही सरळ शिकवायची. “लाजायचं काय त्यात, शरीर आहे,” असं म्हणायची, आणि पालक तिला थांबवून सांगायचे की मॅडम, बरं झालं तुम्ही बोललात, आमच्याच्याने होत नाही. गेली दोन वर्षं मात्र ती तळमजल्याशी आली की घड्याळाकडे बघायची. “हे घरी वाचा. सोपं आहे.” आणि धडासुद्धा ती अशाच सकाळी घ्यायची जेव्हा साकेत कॉलेजात असेल. आज शनिवारी जादा क्लास ठेवला तो त्याचं प्रॅक्टिकल आहे असं धरून. प्रॅक्टिकल रद्द झालं होतं. तो घरात होता, आणि त्यांचा हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता.

“मॅडम, डाउट आहे,” कृतिका म्हणाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि होणारही होती, कारण तिला प्रश्न विचारायची लाज नव्हती. “चेअरमनने चिठ्ठीच नाय पाठवली तर? म्हणजे खालची सगळी माणसं तयार बसलीत, सगळं ओके हाय, पण वरून चिठ्ठीच नाय. मग?”

उत्तराच्या लक्षात आलं की आतून भांडं घासल्याचा जो खरखराट येत होता तो थांबलाय. “ते आपल्या पोर्शनमध्ये नाही,” ती म्हणाली. मुलांनी मान डोलावली. जे पोर्शनमध्ये नाही ते जगातच नाही हे त्यांना मान्य असतं. थोड्या वेळाने खरखराट पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

मुलं गेल्यावर ती सतरंज्या झटकायला गॅलरीत आली. फेज टूकडून वारा होता, म्हणजे वासही होता. एमआयडीसीचा तो वास, कधी सडक्या कोबीसारखा, कधी रबर जाळल्यासारखा, कधी नुसताच घशात जाऊन बसणारा. ठाण्याहून नणंद आली की जिन्यातच पदर नाकाला लावायची. “कसे गं राहता तुम्ही इथे?” मग सगळे साकेतकडे बघायचे, कारण साकेतचं वाक्य ठरलेलं होतं: “कसला वास, आत्या?” घरभर हशा. नणंदेचा नवरा त्याच्या पाठीवर थाप मारायचा, म्हणायचा, हा खरा डोंबिवलीकर, याच्या नाकाने हार मानलीय. इथे हे इतकं सरळ होतं. इथल्या निम्म्या लोकांना तो वास येत नाही, किंवा येत नाही असं ते म्हणतात. आपल्या गावाची इज्जत राखायची तर दुसरं काय म्हणणार. दुसऱ्या कुठल्याही गावात पोराला वास येत नाही म्हटल्यावर आईने त्याला चौथी-पाचवीतच डॉक्टरकडे नेलं असतं. इथे त्याला पाठीवर थाप मिळाली. उत्तराही हसली होती. दर वेळी हसली होती. ती हसायची तेव्हाचा आपला आवाज तिला आता आठवत होता, जरा चढा, पाहुण्यांसमोरचा.

मग दोन वर्षांपूर्वी तो प्रश्न आला होता. कुठल्याशा टेस्ट सिरीजमधला, चार पर्यायांचा, एका हुशार मुलाने अडला म्हणून आणलेला. सतरा वर्षांचा मुलगा, उंच, हातपाय लांब, दाढीमिशी नाही, आवाज फुटलेला नाही, आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं: जन्मापासून वास येत नाही. उत्तराने तो बरोबर सोडवून दिला. समजावूनही सांगितलं. आईच्या पोटात असताना त्या पेशी बाळाच्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या तंतूंचं बोट धरून मेंदूकडे चालत जातात; तिथे पोचल्या की चेअरमनच्या चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांचं. एखाद्या बाळात ते तंतूच अर्धवट राहतात. मग पेशी वाटेतच थांबतात. त्या माणसाला वास येत नाही, आणि बारा-तेरा वर्षांनी जी चिठ्ठी निघायला हवी ती लिहायला तिथे कोणी पोचलेलंच नसतं. मुलगा “थँक्यू मॅडम” म्हणून गेला. उत्तरा खुर्चीतच बसून राहिली. तिला आठवत होते ते सुरुवातीचे महिने, साकेत पोटात असतानाचे, जेव्हा तिचं नाक इतकं तिखट झालं होतं की खालच्या मजल्यावर कांदा चिरला तरी ती उठून ओकायला जायची, तोंडावर ओला रुमाल टाकून झोपायची. अख्ख्या डोंबिवलीचा वास तिच्या एकटीच्या नाकात शिरत होता तेव्हाच, बहुधा त्याच दिवसांत, तिच्या आत कोणीतरी चालता चालता थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने हिंगाची डबी घासून, उन्हात वाळवून घेतली. रिकामी, कोरी. त्याच्या नाकाशी धरून म्हणाली, “बघ रे, हिंग जुना झालाय का?” त्याने हुंगलं. तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही सापडलं नाही तेव्हा त्याने मनानेच ठरवलं, “नाही गं, मस्त आहे.” झालं. तेव्हापासून तिला माहीत होतं. बाकीचं माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. दारात मोजे काढताना दिसणाऱ्या गुळगुळीत पोटऱ्या, कुरियरवाल्याने फोनवर “हां मॅडम, गेट पे हूँ” म्हटल्यावर त्याचं गप्प होणं, अचानक बंद झालेलं पोहणं, मित्र टिटवाळ्याच्या शेतघरावर रात्रभर राहायला गेले तेव्हा नेमकी दुखलेली दाढ, हे सगळं एका रेषेत येऊन उभं राहिलं होतं, परीक्षेत मुद्दे येतात तसं. आणि पुस्तकात पुढे हेही लिहिलेलं होतं की याला उपाय आहे. इंजेक्शनं आहेत. सगळं होतं, आवाज, दाढी, पुढचं सगळं. फक्त उशीर करू नका, हाडं ठिसूळ राहतात. तिने ते वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं, आणि पुस्तक मिटून कणीक मळायला गेली.

न बोलण्याचीही एक सवय लागते, आणि ती एकट्याची नसते. त्या आठवड्यात तिने रवींद्रला, तिच्या नवऱ्याला, अंधारात एवढंच म्हटलं होतं की साकेतकडे जरा बघा. “काय बघू?” त्याने विचारलं. तिने सांगितलं नाही आणि त्याने पुन्हा विचारलं नाही, नुसतं वर पंख्याकडे बघत म्हणाला, “आमच्याकडे उशिराच असतं. मला एफवायला गेल्यावर मिसरूड फुटली.” हे खरं होतं. सासूबाईही हेच सांगत, अगदी कौतुकाने, की आमचा रवी मॅट्रिकच्या फोटोत मुलीसारखा दिसतो. म्हणून कुणाला खोटं बोलावं लागलं नाही. एक खरी गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे केली आणि तिच्यामागे उभे राहिले. एफवाय संपलं. एसवाय अर्धं झालं. अठराव्या वाढदिवसाला रवींद्रने त्याला दाढीचं सामान आणलं, भारी कंपनीचं, खोक्यातलं. साकेतने ते लाजत घेतलं. तेव्हापासून दर रविवारी बाथरूमचं दार लागतं, नळ वाहतो, तो गालांना लाल करून बाहेर येतो, रवींद्र “काय साहेब, झाली का?” म्हणतो. बेसिनमध्ये फेसाशिवाय काही नसतं. उत्तरा तो फेस धुऊन टाकते. आणि महिन्याच्या सामानात, साबण आणि डिटर्जंटच्या मधे, नवीन ब्लेडं मागवते, कारण ब्लेडं बदलली नाहीत तर त्याला कळेल की आपल्याला कळलंय. जुनं ब्लेड ती कागदात गुंडाळून टाकते. त्याची धार अजून तशीच असते.

आणि उंची. त्या उंचीवर तर सगळं खानदान खूश. लग्नाकार्यात बायका त्याला पाठ लावून उभ्या राहायच्या, मापं घ्यायच्या. पँटी वर्षभरात घोट्याच्या वर यायच्या, सासूबाई शिवण उसवून आतलं कापड सोडायच्या आणि म्हणायच्या, वाढतोय हो अजून. वाढतच होता. उत्तराला माहीत होतं की मुलांची हाडं वाढायची थांबतात तीसुद्धा एका निरोपानेच. हार्मोन सुरू करतं तसंच पुरे म्हणतं. याच्या हाडांना पुरे म्हणायला कोणी आलंच नव्हतं. म्हणून ते बिचारे हात लांब होत होते, पाय लांब होत होते, एखाद्याने फोन लावून ठेवावा आणि पलीकडून कोणी ठेव म्हणू नये तसे.

ती सतरंज्या घेऊन गॅलरीतच उभी होती आणि पुन्हा ती आग छातीतून वर आली, गळ्यापर्यंत, कानापर्यंत. हल्ली हे दिवसातून कितीदा तरी व्हायचं. त्याला कारण होतं, वय होतं, त्याचाही एक परिच्छेद होता पुस्तकात. तिच्या सोसायटीत चिठ्ठ्या येऊन पडत होत्या, ढिगाने, आणि खालची माणसं कामं आवरून निघाली होती. आत तिच्या पोराच्या सोसायटीत माणसं जन्मापासून बाकावर बसून होती आणि चिठ्ठी नव्हती. एकाच घरात, एका पडद्याच्या अलीकडे-पलीकडे. ही आग हार्मोनची की लाजेची हे तिला आता वेगळं करता येत नसे. दोन्हीत कान तेवढेच तापतात. फरक एवढाच की एकीत पंख्याखाली उभं राहिलं की बरं वाटतं.

बोलायचं तर कुठल्या शब्दांत, हीही अडचण होतीच. तिने मनात कितीदा जुळवून बघितलं होतं. या गोष्टीसाठी आपल्याकडे एक तर पुस्तकातले शब्द, जे फळ्यावर ठीक पण ताटावर बसून म्हणता येत नाहीत. नाही तर शिव्यांमधले, जे रस्त्यावर पोरं एकमेकांना हसत देतात आणि साकेतला बहुतेक दिले असतील. मधला, घरातला, आईने म्हणावा असा शब्दच तिला सापडत नव्हता. शब्द नाही म्हणून दोन वर्षं. हे असं स्वतःलाच सांगितल्यावर ते किती लंगडं वाटतं हे तिला कळत होतं. शब्द नव्हता म्हणून नाही. नातेवाईक काय म्हणतील म्हणूनही पूर्ण नाही. ज्या बाईकडे लोक आपली मुलं शरीर समजावून घ्यायला पाठवतात तिच्याच घरात हे निघालं, आणि तिला दिसलं नाही, आणि दिसल्यावर तिने डोळे मिटले. हे एकदा त्याच्यासमोर कबूल करावं लागेल म्हणून. पोराचं वाट पाहणं लांबवून ती आपली लाज वाचवत होती. इतकं स्वच्छ तिने पहिल्यांदाच मनात म्हटलं, आणि सतरंज्या तशाच कठड्यावर टाकून ती आत आली.

शनिवार असल्यामुळे दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. दोडक्याची भाजी होती, वरण-भात, सासूबाईंनी केलेली लसणाची चटणी. रवींद्र ऑफिसातल्या कुणाच्या तरी बदलीची गोष्ट सांगत होता. साकेत मान खाली घालून जेवत होता, लांबच लांब कोपर टेबलाबाहेर काढून. उत्तराने पोळी वाढता वाढताच म्हटलं, सोमवारी क्लास नाही ठेवत, ठाण्याला जाऊन येऊ म्हणते, साकेतला घेऊन. एका डॉक्टरांना दाखवायचंय.

रवींद्रचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी चटणीची वाटी उगाचच सरळ केली. “कसले डॉक्टर?” रवींद्रने विचारलं.

नौपाड्यातल्या एका हार्मोनच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी तिला पाठ होती. नणंदेकडे जाताना ती तिच्यासमोरून कितीदा तरी गेली होती, एकदा पायरीवर चढूनही परत फिरली होती. पाटीवरचा ‘एंडोक्रायनॉलॉजिस्ट’ हा लांबलचक शब्द ती मुलांकडून स्पेलिंगसकट पाठ करून घ्यायची. आत्ता तो तिच्या जिभेवर होता. समोर रवींद्रचं तोंड होतं, भीती वाटणाऱ्या पोरासारखं, आणि तिला त्याचीही दया आली, आपलीही आली.

“नाकाचे,” ती म्हणाली. “त्याला वास येत नाही.”

टेबलावरून काहीतरी उचललं गेल्यासारखं झालं. रवींद्रने घास तोंडात घातला. नाकाचं ना, मग त्यात काय एवढं, तो म्हणाला; त्याच्या ऑफिसातल्या कुंडलिकचं मागे नाकातलं काहीतरी काढलं, संध्याकाळी माणूस घरी. सासूबाईंनाही एकदम तरतरी आली. लहानपणी याने नाकात शेंगदाणा घातला होता, त्याचंच असणार काहीतरी, मी तेव्हाच म्हणत होते. रात्री कोमट तूप सोडलं पाहिजे नाकात, वाफारा घेतला पाहिजे. रवींद्र म्हणाला, शेंगदाणा असता तर आतापर्यंत उगवला असता, आणि स्वतःच हसला. सासूबाई हसल्या. नाक. किती सोज्वळ अवयव. चारचौघांत तोंडाच्या मधोमध असलेला, ज्याच्याबद्दल जेवता जेवता बोलता येतं. ती सगळी माणसं, तिची माणसं, त्या नाकावर तुटून पडली होती, आणि त्यांच्या सैल झालेल्या खांद्यांकडे बघताना उत्तराला कळलं की यांना सगळ्यांना माहीत आहे. कदाचित तिच्याही आधीपासून. पँटीची शिवण उसवताना सासूबाईंना माहीत होतं. दाढीचं सामान दुकानातून उचलताना रवींद्रला माहीत होतं. तिने त्यांना निसटायला एक दार करून दिलं होतं आणि ते तिचे आभार मानत होते. तिने ताटाकडे बघितलं. वरण गार होऊन त्यावर साय आली होती.

साकेतने चमचा ठेवला. तो आधी आजीकडे बघत राहिला, मग बाबांकडे, पण त्यांच्या चेहऱ्यांवर काही शोधत नव्हता या खेपेला. मग आईकडे.

“नाकाचे नकोत, आई,” तो म्हणाला. “मी एकोणीस वर्षांचा आहे, आणि मी अजून वयातच आलेलो नाहीये. त्याचे डॉक्टर असतात ना, त्यांच्याकडे ने मला.”